सेफ्टी रेझरकडे वळावं का? आधी गळ्यावरून बोट फिरवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच पात्यांचं कार्ट्रिज (दांड्याला अडकवायचं, पूर्ण बदलायचं डोकं) वापरता, दाढी तुळतुळीत होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुळ्या येतात आणि आत वळलेले केस दुखत राहतात. इकडे ओळखीतली दोन-चार जण जुन्या पद्धतीचा, दोन धारांच्या पात्याचा सेफ्टी रेझर वापरू लागली आहेत. ही नुसती हौस आहे की त्यात काही तथ्य आहे, आणि घ्यायचा तर कोणता घ्यायचा, कसा वापरायचा?

तथ्य आहे. मात्र लोक जे कारण सांगतात ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. "याने दाढी जास्त घोटून होते" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या. घोटून दाढी करण्यात तुमचं पाच पात्यांचं कार्ट्रिज पुढेच आहे, आणि तुमचा त्रास नेमका तिथूनच सुरू होतो. मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या करतो आणि नवशिक्यांना स्वतःची दाढी करायला शिकवतो. माझ्या मते सेफ्टी रेझरचा खरा गुण एकच: जेवढं सांगाल तेवढंच तो कापतो. कोन, दाब, पात्याची धार, किती हात फिरवायचे हे सगळं तुमच्या ताब्यात येतं. ताबा घ्यायची तयारी नसेल तर हाच रेझर जास्त त्रास देईल.

आधी त्वचेत काय होतं ते बघू. एकापाठोपाठ बसवलेल्या पात्यांमध्ये पहिलं पातं केसाला धरून जरासं वर ओढतं आणि कापतं. तो केस परत आत सरकायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. त्यामुळे उरलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. केस सरळ आणि मऊ असेल तर काही बिघडत नाही, तो सरळ वर येतो. पण केस कुरळा किंवा जाड असेल, किंवा गळ्यावर असतो तसा त्वचेला जवळजवळ चिकटून आडवा वाढत असेल, तर ते टोकदार टोक बाहेर येण्याआधीच बाजूच्या कातडीत घुसतं. शरीर त्याला परकी वस्तू समजतं, सूज येते, पुळी दिसते. काहींच्या बाबतीत केस नीट बाहेर येतो आणि वळून पुन्हा आत शिरतो. दोन्हींचा परिणाम सारखाच.

एक पातं केसाला साधारण त्वचेच्या पातळीवर कापतं, म्हणून हा धोका कमी. पण याचा अर्थ सेफ्टी रेझर म्हणजे औषध, असा नाही. जास्त पात्यांच्या रेझरने पुळ्या वाढतातच, असं सगळ्या अभ्यासांतून निघालेलं नाही. शिवाय कातडी ताणून, उलटा हात (केसांच्या दिशेच्या विरुद्ध) मारून, तीन-तीनदा तिथेच घासलंत तर एका पात्यानेही केस खाली कापला जातो. फार त्रास असलेल्यांना त्वचारोगतज्ज्ञ बहुधा ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पुळ्यांत पू होत असेल, त्या पसरत असतील तर रेझर बदलून बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तो केसांच्या मुळांचा जंतुसंसर्ग असू शकतो.

आता हे सगळं परत का आलं? मला तरी याचं उत्तर भावनेपेक्षा एका मापात दिसतं.

पात्याला आडोसा लावून दाढी सुरक्षित करायची कल्पना खूप जुनी. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या जाँ-जाक पेरे या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण लावून बघितलं होतं. १८८० मध्ये अमेरिकेत काम्फे बंधूंनी पेटंट घेतलेल्या रेझरला संरक्षक दाते होते, पण त्याचं पातं जाड घडीव होतं आणि ते पुन:पुन्हा पट्ट्यावर घासून लावावं लागे. किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यात १८९५ मध्ये आलं ते वेगळंच: पातळ पत्र्याचं पातं, धार गेली की फेकून द्यायचं. इतका पातळ पत्रा कडक करून त्याला धार लावता येणार नाही, असं पोलादातले जाणकार सांगत होते. ते जमवलं विल्यम निकरसन या अभियंत्याने. १९०३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जवळपास ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली गेली. घरी परतलेल्या सैनिकांनी ती सवय सोबत नेली.

"रेझर स्वस्तात द्या, पात्यांवर कमवा" ही युक्ती जिलेटच्या नावावर सर्रास सांगितली जाते. प्रत्यक्षात पेटंट हातात होतं तोवर त्यांचा रेझर ५ डॉलरना, म्हणजे त्या काळाच्या मानाने चांगलाच महाग विकला जात होता. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, इतरांची पाती बाजारात आली, आणि मग किमती उतरल्या. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. त्या धामधुमीतून जे पातं शिल्लक राहिलं, मधोमध लांब खाच असलेलं, साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड, ते कोणा एकाचं राहिलं नाही. आज कोणत्याही देशातल्या कोणत्याही कारखान्याचं दुधारी पातं कोणत्याही दुधारी सेफ्टी रेझरमध्ये बसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या तीन खुंट्यांच्या रेझरमध्येसुद्धा ते बसतं, कारण तिन्ही खुंट्या त्या खाचेत मावतात. कार्ट्रिजचं तसं नाही. तिथे दांडा एका कंपनीचा घेतला की कार्ट्रिज बहुधा तिचंच घ्यावं लागतं.

१९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ मध्ये तीन, २००३ मध्ये चार, २००६ मध्ये पाच. प्रत्येक पातं वाढताना खर्चही वाढत गेला. इंटरनेटवर दाढीविषयी बोलणारे लोक एकमेकांना सापडायला लागले तो काळही हाच. नव्या मशीनवर स्टीलचा ठोकळा कोरून रेझर बनवणं छोट्या कारखान्यांनाही जमू लागलं, आणि पात्याचं माप खुलं असल्यामुळे त्यांना पात्यांचा कारखाना काढायची गरज पडली नाही. २०२० मध्ये खुद्द जिलेटने संस्थापकाच्या नावाने नवा दुधारी रेझर बाजारात आणला. ज्या कंपनीने आपल्या ग्राहकांना या रेझरपासून तोडलं तिनेच परत तो विकायला काढला, यापेक्षा मोठी पावती कोणती हवी?

हौस हाही भाग आहे, नाकारत नाही. रेझर, ब्रश, साबणांच्या डब्या जमवणारे पुष्कळ भेटतात. तो स्वतंत्र छंद आहे, आणि चांगली दाढी होण्याशी त्याचा संबंध थोडाच. तुम्हाला लागतो एक रेझर, एक ब्रश, एक साबण आणि पाच-सहा वेगवेगळ्या पात्यांची पाकिटं.

रेझर निवडताना दोन गोष्टी बघायच्या. पातं आणि त्याखालची संरक्षक पट्टी यांत किती फट आहे, आणि पातं वरच्या टोपीच्या व खालच्या पट्टीच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या किती बाहेर येतं. या दोन मोजमापांवर रेझर सौम्य की आक्रमक हे ठरतं. तुम्ही सौम्यच घ्या. आक्रमक रेझर वापरणं म्हणजे मर्दुमकी, असा एक गैरसमज या छंदात आहे. प्रत्यक्षात आक्रमक रेझर आठवडाभराची दाढी झटपट उतरवायला सोयीचा, रोजच्या दाढीला त्याची गरज नाही. खालची पट्टी सलग (दाते नसलेली) असलेला, तीन भागांचा रेझर नवशिक्याला उत्तम. टोपी, पट्टी आणि दांडा वेगळे होतात, धुवायला सोपं, बिघडायला काही नाही. म्यूलेचा आर८९ किंवा दोन भागांचा मर्कुर ३४सी ही या प्रकारातली जुनी, भरवशाची नावं. दांडा पिळला की दोन झडपा उघडतात तो प्रकार सोयीचा, पण आतल्या यंत्रणेत साबण साचतो. ज्यात चकती फिरवून फट कमी-जास्त करता येते तो रेझर सुरुवातीला नको. एकाच वेळी हात आणि रेझर दोन्ही बदलत राहिले तर चूक कोणाची हे कळणार नाही.

धातूबद्दल एक सावधगिरी. बरेचसे मधल्या दर्जाचे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेले असतात. चांगले टिकतात, पण ते पडले की टोपीचा आटे असलेला खिळा मोडतो, आणि कुठे मुलामा उडाला की आतला धातू पाण्याने खात जातो. पितळ किंवा स्टेनलेस स्टील असेल तर ही काळजी नाही. रेझर फार घट्ट आवळायची सवयही याच खिळ्याच्या मुळावर येते.

पातं बसवताना ते आखूड बाजूंनी धरायचं, धारेच्या बाजूंनी नाही. टोपी उलटी धरा, पातं ठेवा, पट्टी ठेवा, दांडा आवळा. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून बघा: दोन्ही बाजूंना पात्याची धार सारखीच बाहेर दिसते का? एका बाजूला जास्त दिसत असेल तर ती बाजू चावणार. दांडा सैल करा, पातं सरळ करा, परत आवळा. ०.१ मिलिमीटरचा हा पत्रा एरवी लवचीक असतो. टोपीच्या बाकदार वळणावर तो वाकवून दाबला जातो तेव्हाच त्याला कडकपणा येतो. म्हणून पातं वाकडं बसलं तर दाढी करताना ते थरथरतं आणि तुम्ही पात्याच्या कंपनीला नावं ठेवत बसता.

पाती कोणती? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं दुसऱ्याने द्यायचं उत्तर नाही. पोलाद साधारण सारखंच असतं, क्रोमियमचं प्रमाण जास्त असलेलं. फरक धार लावण्यात आणि वरच्या लेपात असतो. फेदर या जपानी कंपनीचं पातं अतिशय धारदार, म्हणून नव्या हाताला नको. एखाद्याला मऊ वाटणारं पातं दुसऱ्याला ओढणारं वाटतं. एक पातं घ्या, त्याच्यावर तीन-चार दाढ्या करा, मग दुसरं. बाकी काही बदलू नका.

एक पातं किती दाढ्यांना पुरतं? साधारण तीन ते सात, पण दिवस मोजू नका. पहिल्या हाताला केस ओढल्यासारखे वाटले की पातं टाकून द्या, कंजूषपणा करू नका. आपल्याला वाटतं धार झिजते. २०२० मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून बघितली तेव्हा दिसलं की पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही धारेचे बारीक टवके उडतात. पोलादाची अंतर्गत रचना सगळीकडे सारखी नसते. केस कापला जाताना वाकतो आणि धारेच्या एखाद्या कमकुवत जागी ताण येऊन टवका निघतो. पातं पुसून, तेलात बुडवून ठेवायची जुनी पद्धत होती ती साध्या पोलादाच्या, गंजणाऱ्या पात्यांसाठी. स्टेनलेसची पाती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हापासून तिची गरज उरली नाही. पाण्याखाली धरा, झटका, ठेवून द्या. टॉवेलने पातं पुसायला जाऊ नका, धारही जाते आणि बोटही.

आता खरं काम. दाढीचं निम्मं यश पातं लागायच्या आधीच ठरतं. कोरडा केस कडक असतो, पाणी प्यायला की तो फुगतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं तरी द्यायला हवीत, म्हणून अंघोळीनंतरची दाढी सगळ्यात चांगली. नुसतं तोंडावर पाणी मारून लगेच सुरुवात करणाऱ्यांना मी ओळखतो, त्यांच्या गळ्यावर ते दिसतं.

फेस डब्यातला फवारा नको, साबणाचा करा. दाढीच्या साबणात पोटॅशियमचा अंश असतो, त्यामुळे तो अंघोळीच्या साबणापेक्षा मऊ असतो आणि फेस लवकर वाळत नाही. ब्रश कृत्रिम केसांचा घ्या. डुकराच्या केसांचा ब्रश आधी भिजवावा लागतो आणि जुना झाल्यावर छान होतो, बिज्जूच्या केसांचा महाग असतो. कृत्रिम ब्रश पहिल्या दिवसापासून काम करतो आणि पटकन वाळतो. (जनावरांच्या केसांबद्दल एक विचित्र गोष्ट: पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत काही लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. आजच्या ब्रशांबाबत ती भीती बाळगायचं कारण नाही.)

ब्रश झटकून ओलसर ठेवा आणि साबणावर अर्धा मिनिट तरी फिरवा. बहुतेक लोक इथेच कमी पडतात, साबण कमी घेतात. मग वाटीत किंवा थेट गालावर गोल-गोल फिरवत थोडं-थोडं पाणी घालायचं. आधी फेस पांढरा, कोरडा, मोठ्या बुडबुड्यांचा दिसेल. तो फेस फसवा. पाणी घालत राहा, बुडबुडे नाहीसे होतील, वर चकाकी येईल, ब्रश उचलला की टोक उभं राहून किंचित वाकेल. बोटांच्या चिमटीत घेतला तर निसटायला हवा. ती निसरड हेच त्याचं काम, जाडी नव्हे. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि फेस होतच नाही. अशा वेळी साबण जास्त घ्या किंवा फेसापुरतं उकळून गार केलेलं पाणी वापरून बघा, जडपणाचा काही भाग त्याने जातो.

फेस लावायच्या आधी, दाढी दीड-दोन दिवसांची असताना, एक काम करा. कोरड्या गळ्यावरून बोट फिरवा. वरून खाली, खालून वर, उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. जिकडे बोट सरकताना गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा, जिकडे खुपतं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस खाली वाढतात. गळ्यावर काहीही असू शकतं: कंठाच्या खाली वरच्या दिशेने, बाजूला आडवे, जबड्याखाली एखादा भोवरा. डाव्या-उजव्या बाजूतही फरक असतो. कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा. हसू नका, माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाकडून मी हे करून घेतो. गळ्यावर पुळ्या असलेल्या बऱ्याच जणांना तोवर कळलेलंच नसतं की ज्याला ते सुलटा हात समजतात तो त्यांच्या गळ्यावर उलटा आहे.

आता कोन. रेझरची टोपी गालावर सपाट टेकवा, दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर, जमिनीला समांतर. या अवस्थेत पातं कातडीला लागत नाही. आता हात खाली सरकवत दांडा हळूहळू खाली झुकवत या. एका जागी पातं केसाला भिडेल आणि बारीक कुरकुर ऐकू येईल. तिथे थांबा. पातं कातडीशी साधारण ३० अंशांत आलेलं असतं. दांडा आणखी झुकवलात तर पातं खरवडायला लागतं, आवाज बंद होऊन आग सुरू होते. कोनमापक लागत नाही, कान पुरतो. पंखा आणि नळ बंद ठेवून दाढी करा, पहिले काही दिवस तरी.

आणि दाब. हा मुद्दा मी कितीही वेळा सांगितला तरी कमीच. कार्ट्रिजचं डोकं हलतं, त्यामुळे हाताला काचेवर वायपर दाबावा तसं दाबायची सवय लागलेली असते. इथे दाबायचं नाही. रेझरचं स्वतःचं वजन ६० ते १०० ग्रॅम असतं, ते पुरतं. दांडा मुठीत आवळू नका, टोकाकडे दोन बोटं आणि अंगठा यांत धरा, म्हणजे दाबायची इच्छा झाली तरी जोर लागणार नाही. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरचाच हात मारा. दुसऱ्या हाताने कातडी सपाट करा, ताणून पातळ करू नका. जबड्याच्या हाडावर कोन सतत बदलतो, तिथे रेझर वळवण्याऐवजी कातडी गालाकडे ओढून सपाट जागेवर आणा. नाकाखाली वरचा ओठ खाली ओढून घ्या. हनुवटीवर सगळ्यात जाड केस असतात, म्हणून ती शेवटी, फेसाखाली भिजायला जास्तीत जास्त वेळ मिळू द्या.

पहिला हात सुलटा, केसांच्या दिशेने, पूर्ण चेहऱ्यावर. पुन्हा फेस लावा. दुसरा हात आडवा. तुमच्यासाठी दाढी इथे संपली. उलटा हात नाही. निदान गळ्यावर तर नाहीच, आणि निदान महिना-दीड महिना तरी नाही. बोट फिरवल्यावर थोडं खरखरीत लागेल. ती खरखर राहू द्या, पुळ्या थांबण्याची किंमत तेवढीच आहे. फेस संपलेल्या जागी "एकदाच" म्हणून रेझर फिरवण्याचा मोह होतो, तोही टाळा. सगळ्यात जास्त आग तिथेच होते.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही: पहिला आठवडाभर फक्त गालांवर सेफ्टी रेझर वापरा आणि गळा-हनुवटी तुमच्या नेहमीच्या रेझरने करा. गाल सपाट असतात, हात तिथे तयार होतो. मग गळ्याकडे या. पहिल्याच दिवशी पूर्ण चेहरा करून रक्त काढलेले लोक रेझर कपाटात टाकून देतात आणि "आपल्याला नाही जमत" म्हणतात. वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला १५-२० मिनिटं धरा, हात बसल्यावर ती सात-आठवर येते. कार्ट्रिजइतकी झटपट ही दाढी कधीच होणार नाही.

झाल्यावर गार पाण्याने धुवा आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरवा. बारीकसारीक कापलेलं थांबतं हा तिचा एक उपयोग. दुसरा माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा: तुरटी खोटं बोलत नाही. जिथे चरचरलं तिथे तुम्ही दाबलंत, किंवा कोन चुकला, किंवा कोरड्यावर हात मारलात. आज जबड्याखाली डावीकडे चरचरलं असेल तर उद्या तिथे लक्ष. काही दिवसांनी चरचरणं जवळपास थांबतं. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह आवडत असेल तर लावा, पण पुळ्या आहेत तोवर नको.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवेन. आधी पुळ्या पूर्ण बसू द्या, त्यासाठी दोन-तीन आठवडे ट्रिमरवर राहा. आत गेलेला केस सुईने टोकरून काढू नका. गरम पाण्याचा ओला कपडा ठेवा, वर आला तर टोक सोडवा, उपटू नका. उपटलेला केस परत येताना पुन्हा आतच वळायची शक्यता असते. मग वर सांगितलं तसं, एक दिवसाआड दाढी. दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर दोष रेझरचा नाही, तुमचा केसच तसा आहे, आणि ट्रिमर हाच तुमचा कायमचा सोबती. त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांचे हात थरथरतात, जे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, ज्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या गाठींची मुरमं आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. इलेक्ट्रिक शेव्हर बरा. आणि कोणीही आपलं पातं दुसऱ्याला वापरायला देऊ नये, घरातल्या माणसालासुद्धा. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि त्यासाठी न दिसणारी खरचटही पुरते. स्त्रियांनी पायांसाठी हा रेझर वापरायला काहीच हरकत नाही. १९१५ मध्येच खास त्यांच्यासाठी जिलेटचा रेझर निघाला होता. फक्त गुडघा आणि घोटा यांवर सावकाश.

वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या बंद डब्याला वर चीर पाडा, त्यातून पाती आत सोडत जा. एक डबा काही वर्षं पुरतो, भरला की चीर चिकटवून बंद करा आणि भंगारात घेत असतील तर सांगून द्या. पातं नुसतं पोलाद असतं, प्लॅस्टिक-रबर-धातू एकत्र चिकटवलेल्या कार्ट्रिजसारखं ते सुटं करत बसावं लागत नाही. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे एक चीर असायची आणि पाती सरळ भिंतीच्या पोकळीत पडायची. आजही घर दुरुस्तीला काढलं की भिंतीतून गंजलेल्या पात्यांचा ढीग निघतो.

प्रवासात विमानाच्या हातसामानात सुटी पाती चालत नाहीत, रेझरमध्ये बसवलेलंही नाही. पात्याशिवायचा रेझर बहुतेक ठिकाणी नेऊ देतात, तरी निघण्याआधी नियम बघून घ्या. पाती चेक-इन सामानात टाका, नाहीतर पोचल्यावर तिथलंच एखादं पाकीट घ्या. माप एकच असल्यामुळे बसणार नाही ही चिंता नाही. फक्त पातं अनोळखी असेल तर पहिल्या दिवशी गळ्यावर एकच, सुलटा हात.